डोक्याला शॉट नको, पट्टा बदला!

व्हीआर हेडसेट घेतला, चार दिवस धमाल केली आणि मग तो कपाटावर जाऊन बसला... तुमचीही हीच स्टोरी? मग दोष गेम्सचा नाही आणि तुमच्या मानेचाही नाही. बऱ्याचदा सगळा लोचा असतो तो डोक्यामागच्या साध्या पट्ट्याचा!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक गॅजेटवेडा असतोच. मार्केटमध्ये काहीही नवं आलं, की ते आधी याच्या घरी पोचतं. ओळखीतलं कुणी अमेरिकेहून येणार असलं, की चॉकलेट्स आणि परफ्यूम्सच्या यादीत याचं पार्सल ठरलेलं. मग एका शनिवारी सगळ्यांना आमंत्रण जातं. एकेक जण डोळ्यांवर ते पांढरं डबडं चढवतो, हवेत तलवारी फिरवतो, कुणाचा हात ट्यूबलाइटला लागतो, कुणी टीपॉयवर आदळतं, बाकीचे मोबाइलवर शूटिंग करण्यात बिझी. फुल टू धमाल!

तीन महिन्यांनी त्याला सहज विचारून बघा, ''काय रे, तुझं व्हीआर काय म्हणतंय?''

''आहे की. कपाटावर आहे.''

''का रे?''

''अगं, चीज मस्त आहे, पण अर्ध्या तासात मान भरून येते. गालांवर वळ उठतात. आणि जरा रंगात आलं, की चार्जिंग संपतं!''

हेडसेट घेऊन ठेवून दिलेल्या ज्या ज्या मंडळींशी मी बोलले, त्यांची टेप थोड्याफार फरकाने हीच होती. गंमत म्हणजे गेम्स बोअर आहेत, अशी तक्रार एकानेही केली नाही. मान, गाल आणि बॅटरी, एवढे तीनच व्हिलन. आणि या तिघांवर एकच उतारा आहे. डोक्यामागे बसणारा, बॅटरी पोटात घेतलेला चांगला पट्टा. टेक्नोसॅव्ही भाषेत 'बॅटरी स्ट्रॅप'.

आता तुम्ही म्हणाल, मान दुखतेय म्हणून डोक्यावर आणखी वजन चढवायचं? हे म्हणजे पोट दुखतंय म्हणून वडापाव खाण्यातला प्रकार! पण थांबा, यामागचा फंडा एकदम सिंपल आहे.

चेहऱ्यावर अर्धा लिटर

आधी थोडी आकडेमोड. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम. त्याआधीचा, २०२०चा क्वेस्ट २ होता ५०३ ग्रॅमचा, आणि २०२४मध्ये आलेला स्वस्तातला क्वेस्ट ३एस ५१४ ग्रॅमचा. म्हणजे साधारण अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. हातात धरली तर काहीच नाही. पण तीच बाटली डोळ्यांसमोर टांगून तासभर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघा, मग कळेल!

आपलं डोकं तसं बऱ्यापैकी जड असतं, मोठ्या माणसाचं साडेचार-पाच किलो. ते मणक्याच्या टोकावर तोलून धरलेलं असतं आणि टेकूची जागा येते साधारण दोन कानांच्या मध्ये. कानाच्या पुढे चेहरा, जबडा, कपाळ. मागे कवटीचा उरलेला भाग. पुढची बाजू मुळातच जरा जड, म्हणून मानेमागचे स्नायू दिवसभर डोकं मागे खेचून धरत असतात. बसमध्ये डुलकी लागली की मान पुढे पडते ना, ती याचमुळे. स्नायूंनी ड्युटी सोडलेली असते!

त्यात आपण ऑफिसवाले. नऊ-दहा तास मॉनिटरकडे हनुवटी पुढे काढून बसायचं, येताना ट्रेनमध्ये मान खाली घालून मोबाइल बघायचा. म्हणजे घरी पोचेपर्यंत या स्नायूंचा ओव्हरटाइम आधीच झालेला असतो. अशा वेळी चेहऱ्यावर अर्धा किलोचं डबडं लटकवलं, तर मान बोंब मारणारच.

कावडीचा फंडा

पाण्याची कावड आठवते? खांद्यावर आडवी काठी आणि दोन्ही टोकांना घागरी. एकच घागर एका टोकाला लावून चालायला सांगा, माणूस चार पावलांत वैतागेल. दुसऱ्या टोकाला दुसरी घागर लावा, एकूण वजन दुप्पट झालं तरी चालणं सोपं होतं. कारण आता काठी एका बाजूला ओढत नाही.

हेडसेटचं अगदी तेच. ओझं किती आहे यापेक्षा ते टेकूपासून किती लांब आहे, हे महत्त्वाचं. समजा, ५१५ ग्रॅमचा भार कानाच्या रेषेपासून आठ सेंटिमीटर पुढे आहे. गुणाकार केला, तर पुढे ओढणारा जोर येतो ४,१२०. आता डोक्यामागे, कानापासून बारा सेंटिमीटरवर २०० ग्रॅमची बॅटरी बसवली. मागे ओढणारा जोर झाला २,४००. वजाबाकी करा, उरले १,७२०! डोक्यावरचं एकूण वजन सातशे ग्रॅमच्या वर गेलं, पण पुढची ओढ निम्म्याहून कमी झाली. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाप्रमाणे बदलतील. पण शाळेतला तरफेचा नियम इतक्या वर्षांनी कामाला आला की नाही, बोला!

बरं, पट्टा फक्त तोल सांभाळत नाही. बॉक्समध्ये येणारा साधा पट्टा असतो कापडी, इलॅस्टिकचा. हेडसेट खाली घसरू नये म्हणून आपण तो आवळतो. आवळला की हेडसेट चेहऱ्यावर दाबला जातो आणि सगळा भार गालांच्या हाडांवर येतो. गालांवरचे ते लाल वळ तिथूनच येतात. ढिला ठेवला, तर हेडसेट घसरतो आणि लेन्सचा मधला भाग डोळ्यांसमोरून हलतो. मग चित्र धूसर दिसतं, आपण डोळे ताणतो, आणि मानेच्या जोडीला डोकंही दुखायला लागतं. आवळला तरी शॉट, सोडला तरी शॉट!

छताला टांगलेला हेडसेट

हे दुखणं आजचं नाही बरं का. १९६८मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकन कम्प्युटर शास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला, तेव्हा त्याची यंत्रणा चक्क छताला टांगलेली होती. डोक्यावर लटकत्या तलवारीच्या ग्रीक गोष्टीवरून तिला 'सोर्ड ऑफ डॅमोक्लिस' असं टोपणनावही पडलं. मानेचा प्रॉब्लेम त्यांनी छतावर ढकलला होता म्हणा ना!

पुढे २०१२मध्ये ऑक्युलस रिफ्टने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले, २०१४मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली आणि व्हीआर पुन्हा चर्चेत आलं. पण तो रिफ्ट वायरने पीसीला जोडलेला असायचा. म्हणजे प्रोसेसर टेबलाखाली, वीज भिंतीतून. खरी गोची झाली २०१९मध्ये पहिला क्वेस्ट आला तेव्हा. वायर गेली, सगळ्यांना हायसं वाटलं, पण प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे असा सगळा संसार चेहऱ्यावर येऊन बसला. वजन झालं ५७१ ग्रॅम.

२०२०चा क्वेस्ट २ आला २९९ डॉलरला. एवढी किंमत खाली आणायची, तर काटकसर कुठेतरी दिसणारच. बॉक्समध्ये मिळाला कापडी पट्टा. चांगला टणक 'एलिट स्ट्रॅप' हवा असेल, तर ४९ डॉलर वेगळे मोजा! आणि तो तरी धड निघावा? त्याचं प्लास्टिक तडकतंय, अशा तक्रारी इतक्या आल्या, की त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुकला त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. २०२१च्या जुलैमध्ये तर चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमने त्वचेला त्रास होतो म्हणून अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम रिकॉल झाले. ५,७१६ लोकांनी तक्रार केली होती आणि त्यातल्या ४५ जणांना डॉक्टर गाठावा लागला होता. थोडक्यात काय, तर स्क्रीनच्या पिक्सेल्सवर अब्जावधी खर्च करणाऱ्या कंपन्या चेहरा आणि कवटी यांच्यापुढे मात्र अजून शिकतच आहेत.

काहींनी हे आधीच ओळखलं होतं. सोनीने २०१६च्या प्लेस्टेशन व्हीआरमध्ये भार गालांवरून काढून कपाळावर टाकला, गोल कड्यासारख्या बँडने. २०२२मध्ये आलेल्या पिको ४ने आणि मेटाच्याच महागड्या क्वेस्ट प्रोने बॅटरी थेट डोक्यामागे नेली. ॲपलने २०२४च्या व्हिजन प्रोमध्ये वेगळाच मार्ग काढला. ३,४९९ डॉलरचा हेडसेट डोक्यावर आणि ३५३ ग्रॅमची बॅटरी वायरने खिशात! तरीही पुढे वजन उरलंच. मग २०२५च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने नवा बँड आणला. त्याच्या मागच्या पट्टीत काय घातलंय माहितीये? टंगस्टन! जगातल्या सगळ्यात जड धातूंपैकी एक, केवळ मागे वजन पडावं म्हणून. कावडीचा फंडा कॅलिफोर्नियातही पोचला तर!

पट्टा पट्टा में फर्क है

बाजारात फिरलात, तर ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील.

पहिला, चक्रीवाला टणक पट्टा. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या दांड्या, मागे कवटीला कवेत घेणारी गादी आणि तिथेच एक चक्री. सायकलच्या हेल्मेटसारखी चक्री फिरवली, की पट्टा घट्ट. मेटाचा एलिट स्ट्रॅप या घराण्यातला. २०२३मध्ये क्वेस्ट ३सोबत तो आला तेव्हा साधा ६९.९९ डॉलर आणि बॅटरीवाला १२९.९९ डॉलर होता. तोल उत्तम, पण हेडसेट चेहऱ्याला टेकलेलाच राहतो.

दुसरा, 'हेलो' म्हणजे कड्याचा पट्टा. याच्यात कपाळावर एक जाड गादी येते आणि हेडसेट तिच्याखाली टांगल्यासारखा राहतो. गालांवर भार जवळजवळ शून्य. मेकअप करणाऱ्या मैत्रिणींनो, हा तुमच्यासाठी! बोबो व्हीआर या चिनी कंपनीचे एम३ प्रो, एस३ प्रो हे पट्टे क्वेस्ट ३वाल्यांमध्ये पॉप्युलर आहेत. यांची आणखी एक आयडिया सॉलिड आहे. बॅटरी मॅग्नेटने चिकटते. एक संपली की काढा, दुसरी लावा, 'खट्' आणि गेम सुरू! मधल्या काही सेकंदांत हेडसेट आतल्या बॅटरीवर चालतो.

तिसरा, टणक पट्टा आणि मागे पॉवर बँक ठेवायला कप्पा. किवी डिझाइनसारख्या कंपन्यांचे बॅटरीवाले पट्टेही मिळतात, किंवा नुसत्या कापडी पट्ट्याला मागे छोटी पॉवर बँक बांधणारेही आहेतच. दिसायला थोडा जुगाड, पण काम चोख.

मुलींसाठी एक खास सूचना. पोनीटेल बांधत असाल, तर मागे मधोमध जागा सोडणारा पट्टा बघा. अंबाडा किंवा मोठा क्लचर नेमका चक्रीच्या जागी येतो आणि मग ना केस धड बसतात, ना पट्टा. मी व्हीआरसाठी वेणी घालायला लागलेय. आईला वाटलं, पोरगी सुधारली!

बॅटरीचा हिशेब

'दहा हजार एमएएच' असे आकडे वाचून भुलू नका. एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे खरी ऊर्जा वॉट-अवरमध्ये मिळते. क्वेस्ट ३च्या आतली बॅटरी १९.४४ वॉट-अवरची. मेटाच्या मते ती सरासरी २.२ तास टिकते. म्हणजे हेडसेट तासाला नऊच्या आसपास वॉट-अवर गट्टम करतो.

आता ५,२०० एमएएचचा पट्टा घ्या. गुणाकार-भागाकार केला, की १९.२ वॉट-अवर, म्हणजे कागदावर दुप्पट वेळ. पण एका बॅटरीतून दुसरीत वीज जाताना थोडी उष्णता होऊन वाया जाते. म्हणून हातात पडतात सुमारे पावणेदोन तास. आतले आणि बाहेरचे मिळून चार तासांच्या आसपास. दहा हजारवाला घेतलात तर आणखी वाढतील, पण वजनही वाढेल. आणि सलग चार तासांच्या वर व्हीआर खेळणार असाल, तर तुम्हाला पट्ट्याची नाही, सुट्टीची गरज आहे बॉस!

आणखी एक गोष्ट. पट्ट्याची बॅटरी किती वॉट देते, ते नक्की बघा. हेडसेट खातो साधारण नऊ वॉट. पट्टा पाचच वॉट देत असेल, तर प्लग लावलेला असूनही चार्जिंग उतरतच राहील, फक्त जरा हळू. दहाच्या वर देणारा घ्या.

शनिवार, रात्रीचे आठ

आता तुम्ही म्हणाल, हिला एवढं या पट्ट्याचं का पडलंय? तर त्याला कारण आहे माझा दादा.

दादा न्यू जर्सीत असतो. लहानपणी आम्ही सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिस खेळायचो. गेल्या वर्षी इथे आला तेव्हा त्याने माझ्यासाठी हेडसेट आणला आणि तेव्हापासून 'इलेव्हन टेबल टेनिस' हा गेम आमचा शनिवारचा नेम झाला. आपल्याकडे रात्रीचे आठ, त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. समोर दादाचं डोकं आणि एक बॅट तेवढी दिसते, पण सर्व्हिस करण्याआधी बॅट दोनदा टेबलवर आपटायची त्याची सवय तश्शीच! व्हिडिओ कॉलवर हे कधी दिसलं असतं?

खरं सांगायचं, तर व्हिडिओ कॉलवर आमचं बोलणंच होत नाही. तिथे आई-बाबा असतात, मागे वहिनी असते, भाचा मधेच कॅमेऱ्यात जीभ काढून दाखवतो. ''जेवलास का?'', ''थंडी आहे का?'' यातच कॉल संपतो. गेममध्ये मात्र दोघंच. पहिले दोन गेम नुसती आरडाओरड. तिसऱ्यानंतर दमलो, की टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही गप्पा मारतो. आणि तिसरा गेम येईपर्यंत माझी मान बोलायला लागलेली असायची.

एका शनिवारी असंच बोलता बोलता दादा म्हणाला, ''ऐक ना, आमच्याकडे लेऑफ्स सुरू झालेत. पुढची लिस्ट आमच्या टीमची असू शकते. घरी कुणाला...'' आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधार. बॅटरी डेड!

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवी शोधायला त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. नाहीतर व्हिसाचा दुसरा काही मार्ग काढा, किंवा घर, गाडी, मुलाची शाळा गुंडाळून परत या. दादाला मी लगेच व्हॉट्सॲपवर फोन लावला. मागून वहिनीचा आवाज येत होता. दादा म्हणाला, ''काही नाही गं, असंच. पुढच्या शनिवारी बोलू.''

आठवडाभर ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात होतं. त्या आठवड्यात मी पट्टा शोधायला घेतला. (दादाची नोकरी शाबूत आहे, आणि हे त्याला विचारूनच लिहितेय. एव्हाना घरीही सगळ्यांना माहीत आहे.)

तांदळाची पुरचुंडी

पट्ट्यावर पैसे घालण्याआधी एक प्रयोग करायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, शंभर ग्रॅम तांदूळ मोजले, जुन्या रुमालात पुरचुंडी बांधली आणि कापडी पट्ट्याला मागच्या बाजूने घट्ट बांधून टाकली. आई दारात उभी राहून बघत होती. ''डोक्याला तांदूळ बांधून काय करतेस गं? कुणी सांगितलंय का असं करायला?'' तिला वाटलं, मी काहीतरी उतारा करतेय!

शंभर ग्रॅमला थोडा फरक. दीडशेला हेडसेट गालांवरून हलका झाल्यासारखा वाटला. दोनशेला मान सरळ ठेवणं एकदम सोपं. अडीचशेला मात्र पट्टा मागे घसरायला लागला आणि डोकं झटकन वळवलं, की पुरचुंडी आपल्या मनाने आणखी थोडी पुढे जायची. म्हणजे माझ्या डोक्याचं उत्तर दीडशे ते दोनशेच्या मध्ये कुठेतरी. कॉलेजातल्या कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा हे भारी होतं आणि खर्च शून्य. तांदळाची संध्याकाळी खिचडी झाली.

त्या मापाने मी चक्रीचा, मागे बॅटरी असलेला पट्टा घेतला. पहिल्या दिवशी घालताना मजा वाटली नाही. मग युक्ती कळली. टोपीसारखा पुढून नाही, मागून घालायचा. मागची गादी कवटीचा उंचवटा संपतो तिथे, त्याच्या खाली अडकवायची, मग हेडसेट डोळ्यांवर उतरवायचा. डोक्यावरून जाणारी मधली पट्टी आधी जुळवायची, कारण उचलून धरण्याचं काम तिचं. चक्री सगळ्यात शेवटी आणि हेडसेट हलणार नाही इतपतच. बहुतेक जण उलट करतात. चक्री करकचून आवळतात, मधली पट्टी तशीच लोंबत ठेवतात, आणि मग पट्ट्याच्या नावाने बोटं मोडतात.

पुढच्या शनिवारी आम्ही तीन गेम खेळलो आणि नंतर तासभर बोललो. दादाने सगळं सांगितलं. किती महिने पुरतील एवढे पैसे बाजूला आहेत, वहिनीला कसं सांगायचं, आईला आत्ता सांगायचं की नको. त्या तासाभरात माझा हात एकदाही मानेकडे गेला नाही.

पण हेही ऐका

पट्टा म्हणजे जादूची कांडी नव्हे. एकूण वजन वाढतं हे खरंच आहे. तोल साधला तरी जड डोकं झटकन वळवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. बीट सेबरसारख्या उड्या मारायच्या गेम्समध्ये हे जाणवतं. तिथे छोटी बॅटरीच बरी. दुसरं, मागे बॅटरी आली की सोफ्यावर रेलून किंवा उशीवर डोकं टेकून पिक्चर बघणं विसरा. लोळून बघायचं असेल, तर जुना कापडी पट्टा जपून ठेवा आणि त्या दिवशी तोच लावा.

मान आधीपासून दुखत असेल, हातात मुंग्या येत असतील, तर पट्टा नको, आधी डॉक्टरांकडे जा. आणि मान ठणठणीत असली तरी दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटं हेडसेट उतरवा. ऑक्युलसच्या काळापासून कंपनीच्या सूचनापत्रकात हे लिहिलेलं आहे. फक्त ते पत्रक आपण बॉक्सबरोबर माळ्यावर टाकतो!

उद्या हे सगळं गरजेचंच राहणार नाही कदाचित. गेमिंगच्या दुनियेतले दादा प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी २०२२मध्ये, मेटामध्ये असतानाच, २५० डॉलरचा आणि २५० ग्रॅमचा हेडसेट बनवायला हवा, असं जाहीरपणे सांगितलं होतं. व्हॉल्व्हने २०२५च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या स्टीम फ्रेममध्ये बॅटरी मूळ पट्ट्यातच, डोक्यामागे आहे. दिशा तीच. पण ज्यांच्या घरी आजच अर्ध्या किलोचं डबडं आहे, त्यांच्यासाठी हा आमचा चेकलिस्टचा कोपरा.

घेण्याआधी... क्लिक क्लिक!

• मॉडेल जुळतंय का? क्वेस्ट २चा पट्टा क्वेस्ट ३ला बसत नाही. क्वेस्ट ३चा ३एसला चालतो.

• आधी तांदळाची पुरचुंडी, मग पाकीट! शंभर ग्रॅमपासून सुरुवात करा.

• चश्मा आहे? पट्टा आवळल्यावर काच लेन्सला घासत नाही ना, ते आधी बघा. हेडसेटमधली अंतराची सेटिंग एक घर पुढे न्या.

• आपल्याकडे बहुतेक हेडसेट्स आणि पट्टे इम्पोर्टेड असतात आणि किमती विक्रेत्यागणिक बदलतात. बिल घ्या, वॉरंटी कोण देणार ते लेखी विचारा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकवर बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नंबर असायला हवा.

• विमानाने जाताय? सुटी बॅटरी केबिन बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, चेक-इन बॅगेत मात्र अजिबात नाही.

• मे महिन्यात बंद गाडीत हेडसेट किंवा पट्टा ठेवू नका. फुगलेली, तापलेली, वेडीवाकडी झालेली बॅटरी लगेच बाद करा.

• मुंबईच्या घामात फोम दोन आठवड्यांत कळकट होतो. धुता येणारं सिलिकॉनचं कव्हर घ्या आणि खेळून झाल्यावर पुसा.

• आणि पट्टा चार तास चालतो म्हणून चार तास खेळायलाच हवं, असं नाही. आमच्याकडे सध्या तीन गेम, एक तास गप्पा आणि मग दोन्हीकडून आवाज येतो, ''चला, जेवायला या!'' (न्यू जर्सीत तो नाश्ता असतो.)